मोहाचे फूल आणि तेलाचा थेंब

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. बाजारातून आणलेली संत्री मी टोपलीत ओतत होतो. आंबिया बहाराची फळे. आतून गोड, पण साल अजून हिरवट. माझ्या नातीने त्यातली चार उचलली, दोन पिकल्या केळ्यांबरोबर पॉलिथिनच्या पिशवीत घातली आणि तोंड सैलसर बांधून पिशवी कपाटावर ठेवून दिली. चार दिवसांनी तिने ती माझ्यासमोर उघडली. साल पिवळसर झाली होती.

"आबा, सांगा बरं, हा रंग कोणी आणला?"

रसायनशास्त्र शिकवण्यात 34 वर्षे घालवलेला मी माणूस. म्हटले, "इथिलीनने. पिकणारे केळे इथिलीन वायू सोडते. त्याने संत्र्याच्या सालीतला हिरवा रंग जातो."

"आणि ही पिशवी कशाची?"

"तीही इथिलीनचीच."

इथवर आमची परीक्षा खेळीमेळीने चालली होती. मग तिने खरा प्रश्न काढला. "मग हे इथिलीन आपल्याकडे का नाही बनत? मला त्याच्यासाठी गुजरातेत का जावं लागते?"

नात इथल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत, आपल्या एलआयटीत, पेट्रोकेमिकलच्या शेवटच्या वर्षाला. गुजरातेतल्या एका कारखान्याचे नेमणुकीचे पत्र तिच्या हातात पडले होते. घरात आनंद होता आणि तिच्या आईच्या डोळ्यांत पाणीही होते. मी त्या दिवशी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. कारण थोड्या वेगळ्या शब्दांत तोच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी मला माझ्या वडिलांनी विचारला होता, आणि त्या वेळी मी त्यांना जे उत्तर दिले त्याची मला आजही लाज वाटते.

फुगडीचा खेळ

आधी या इथिलीनची ओळख करून घेऊ. कार्बनचे दोन अणू आणि हायड्रोजनचे चार, एवढाच त्याचा संसार. त्यातले दोन कार्बन मात्र फुगडी खेळणाऱ्या मुलींसारखे दोन्ही हातांनी एकमेकांना धरून असतात. त्यांनी एक हात सोडला की शेजारच्या जोडीचा हात धरता येतो. अशा हजारो जोड्यांनी हात धरून लांबच लांब साखळी केली की वायूचे पॉलिथिन होते. 1933 मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत दुसराच प्रयोग करताना भांड्यात पांढरा मेणासारखा पदार्थ उरला, तेच हे पॉलिथिन.

त्याची धाकटी बहीण प्रॉपिलीन. तीन कार्बनची. या दोघींना आणि त्यांच्या भावंडांना मिळून रसायनशास्त्रात हलके ओलेफिन म्हणतात. नाव अवघड, पण ओळख घरोघरची. दुधाची पिशवी, गच्चीवरची पाण्याची टाकी आणि संत्र्याच्या बागेत झाडाच्या बुंध्याशी थेंबथेंब पाणी सोडणारी ठिबकची नळी इथिलीनची. युरियाचे पोते, न्हाणीघरातली बादली, डॉक्टरांची एकदा वापरून टाकायची पिचकारी प्रॉपिलीनची. प्लास्टिकला नावे ठेवणारा माणूसही सकाळी दात घासताना प्लास्टिकचाच ब्रश हातात धरतो.

हे ओलेफिन निसर्गात तयार साठ्यांनी सापडत नाहीत. ते मोठ्या रेणूंना तोडून काढावे लागतात. खनिज तेल शुद्ध करताना पेट्रोलच्या जवळपासचा नाफ्था नावाचा हलका भाग निघतो. तो वाफेबरोबर 800 ते 850 अंशांच्या भट्टीतल्या नळ्यांतून सेकंदाच्या काही अंशात पळवायचा आणि लगेच थंड करायचा. जरा जास्त वेळ राहिला तर कोळसा, जरा कमी राहिला तर कच्चा. आपल्याकडे फोडणीला जे कसब लागते तेच इथे, फक्त कढई दहा मजली. मग निघालेले मिश्रण इतके गार करायचे की वायूंचे पाणी व्हावे, आणि एकेक वेगळा काढायचा. इथिलीन उकळते तेच शून्याखाली 104 अंशांवर. म्हणजे एकाच आवारात नागपूरच्या मे महिन्याला लाजवणारी भट्टी आणि हिमालयाला लाजवणारा गारठा. या साऱ्याला क्रॅकर म्हणतात. 1 टन नाफ्थ्यातून साधारण 300 किलो इथिलीन आणि 150 किलो प्रॉपिलीन हाती लागते. उरलेल्यातून रबराचा आणि रंगांचा कच्चा माल, इंधन वगैरे. नाफ्थ्याऐवजी नैसर्गिक वायूतला इथेन वापरला तर इथिलीनचा उतारा 800 किलोपर्यंत जातो.

"सर, मोहाची चालेल का?"

तेलाशिवाय इथिलीन होत नाही असे मात्र नाही. बारावीला आम्ही एक प्रयोग दाखवत असू. चंचुपात्रात अल्कोहोल आणि तीव्र गंधकाम्ल घेऊन 170 अंशांपर्यंत तापवायचे. वायू निघतो. तो ब्रोमीनच्या तांबूस पाण्यात सोडला की पाण्याचा रंग उडतो आणि पोरे टाळ्या पिटतात. एका वर्षी प्रयोगशाळेतले अल्कोहोल संपले. आमचा परिचर भंडाऱ्याकडचा. डोके खाजवत हळूच म्हणाला, "सर, मोहाची चालेल का?"

सगळा वर्ग हसला. मी पण हसलो. पण त्याचे शास्त्र बरोबर होते. अल्कोहोल मोहाचे की उसाच्या मळीचे, हे इथिलीनला ठाऊक नसते. पाण्याचा एक रेणू काढून घेतला की झाले इथिलीन! (प्रयोग आम्ही दुसऱ्या दिवशी रीतसर अल्कोहोल आणूनच केला, हे नमूद करतो.)

त्या परिचराची वाट आपल्या देशातल्या उद्योगांनीही चोखाळली आहे. तेलाची सुबत्ता येण्यापूर्वी मळीच्या अल्कोहोलपासून रसायने काढणारे कारखाने आपल्याकडे होते. कोपरगावजवळच्या साकरवाडीला साखरेच्या शेजारीच ही रसायने बनत. 1960च्या दशकात बरेलीला अल्कोहोलपासून कृत्रिम रबर निघू लागले. 1989 मध्ये काशीपूरला मळीच्या अल्कोहोलपासून इथिलीन आणि त्यापासून ग्लायकॉल बनवणारा कारखाना सुरू झाला. ब्राझीलने 2010 मध्ये उसाच्या अल्कोहोलपासून वर्षाला 2 लाख टन इथिलीन काढणारा कारखाना उभारला आणि त्याच्या प्लास्टिकला जगाने 'हिरवे' म्हणून नावाजले.

समुद्राकाठची भाग्यरेषा

महाराष्ट्रात मात्र ही लक्ष्मी समुद्राकाठीच स्थिरावली. 1960च्या दशकात तुर्भ्याला युनियन कार्बाईडचा नाफ्था क्रॅकर आला. देशातला तो पहिला. पाठोपाठ 1968 मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा त्याहून कितीतरी मोठा क्रॅकर. 1974 मध्ये 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायला तेल शोधले. त्याबरोबर आलेल्या वायूतले इथेन-प्रोपेन उरणहून नळाने नेऊन रायगड जिल्ह्यात नागोठण्याला आयपीसीएलचे वायूवर चालणारे संकुल उभे राहिले. तिथे नोव्हेंबर 1990 मध्ये वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. या उद्योगाचे गोडवे गाताना तेवढे विसरून चालत नाही. 2002 मध्ये आयपीसीएल रिलायन्सच्या हाती गेली. तुर्भे आणि ठाण्याचे जुने क्रॅकर आता इतिहासजमा झाले आहेत. अलीकडे रायगडातच उसर येथे प्रोपेनमधला हायड्रोजन काढून प्रॉपिलीन बनवण्याचा, वर्षाला 5 लाख टन क्षमतेचा प्रकल्प 'गेल'ने हाती घेतला.

माझ्या पिढीतली एलआयटीची कितीतरी पोरे या वाटेने गेली. मुळात ही संस्था उभी राहिली ती मातीतल्या पैशातून. कामठीचे मँगनीजचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930च्या मृत्युपत्रात नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञानासाठी 35 लाख रुपये ठेवले. त्यातून 1942 मध्ये संस्था सुरू झाली. 2023 मध्ये तिचे विद्यापीठ झाले. खाणीतला पैसा विद्येत घालणारा असा दाता विरळा. पण तिथे शिकलेले पोरगे आधी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसायचे आणि मग दिवाळीला भेटायचे. संस्था आमची, पोरे आमची, नोकरी दुसऱ्याच्या गावी, हा पायंडा तेव्हापासूनचा.

बाबांचा प्रश्न

माझे वडील हिंगणघाट तालुक्यातले कोरडवाहू कास्तकार. कापूस पिकवायचे आणि खादी घालायचे. सेवाग्रामच्या वाऱ्याचा तो परिणाम. 1976 मध्ये माझे लग्न ठरले. मी नवा नवा नोकरीला लागलेला. सीताबर्डीवरून टेरिलीनचा सूट शिवून आणला आणि मोठ्या ऐटीत बाबांना दाखवला. त्यांनी कापड बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाले, "पोरा, हे कापड घाम पेत नाही. अन् वावरात पिकत नाही. मंग याचा पैसा कोनाच्या घरी जाते?"

मी हसलो. म्हणालो, "बाबा, आता कापसाचे दिवस संपले. हा रसायनांचा जमाना आहे."

ते काही बोलले नाहीत. कोटाची नीट घडी घालून त्यांनी तो माझ्या हातात दिला. पुढे कापसाचे काय झाले, कास्तकाराचे काय झाले, हे विदर्भातल्या वाचकाला मी सांगायला नको. त्याला कारणे अनेक. एकट्या टेरिलीनच्या माथी ते मारता येणार नाही. पण 1877 मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या आमच्या एम्प्रेस मिलचा भोंगा बंद झाला. तिच्या जागी आता मॉल उभा आहे, आणि तिथे मिळणारे बरेचसे कपडे पॉलिएस्टर मिसळलेले असतात.

गंमत अशी की 1990च्या दशकात पॉलिएस्टर आमच्या दारी आले. बुटीबोरीत इंडोरामाचा मोठा कारखाना सुरू झाला. एक किलो पॉलिएस्टरला साधारण 860 ग्रॅम पीटीए लागते आणि 340 ग्रॅम ग्लायकॉल. ग्लायकॉल होते इथिलीनपासून, पीटीए तेलातल्या झायलीनपासून. म्हणजे धागा निघतो बुटीबोरीत, पण त्याची जननी जिथे क्रॅकर आणि रिफायनरी तिथली. आजूबाजूच्या गावांतल्या हातांना काम मिळाले, हे खरेच. तरी बाबांचा प्रश्न उरतोच: पैशाचा मोठा वाटा कोणाच्या घरी जातो? बाबा तेव्हा नव्हते. असते तर मी या वेळी हसलो नसतो.

तेलाचे उलटे गणित

मग विदर्भात पेट्रोकेमिकल संकुल का नको? ही मागणी विदर्भ इकॉनॉमिक डेव्हलपमेंट कौन्सिल, म्हणजे 'वेद', यांसारख्या संस्थांनी जोरकसपणे लावून धरली. तिच्यामागे जगातले एक मोठे स्थित्यंतर आहे.

आजवर तेल शुद्ध करायचे ते मुख्यतः गाड्यांसाठी. शंभर भाग तेलातले जेमतेम दहा-पंधरा भाग रसायनांकडे जात. पण गाड्या विजेवर चालू लागल्या तर पेट्रोल घेणार कोण? विजेवरच्या टॅक्सींचा देशातला एक पहिला मोठा प्रयोग मे 2017 मध्ये याच आपल्या नागपुरात सुरू झाला, हे वाचकांना आठवत असेल. तेलवाल्यांनी हा वारा ओळखला. सिंगापुरात 2014 मध्ये एक्झॉनमोबिलने नाफ्था काढण्याची पायरीच गाळून हलके कच्चे तेल सरळ क्रॅकरच्या भट्टीत घेतले. वाटेत जड गाळ तेवढा बाजूला काढला. चीनमध्ये 2019च्या सुमारास शंभरातले चाळीसहून अधिक भाग रसायनांकडे वळवणारी संकुले उभी राहिली. आपल्या इंडियन ऑइलच्या फरिदाबादच्या संशोधकांनीही 'इंडमॅक्स' नावाची प्रक्रिया विकसित केली. ती रिफायनरीतल्या जड तेलापासून उत्प्रेरकाच्या मदतीने जास्तीचे प्रॉपिलीन आणि स्वयंपाकाचा गॅस काढते. पूर्वी तेलाचे रसायन हा जोडधंदा होता; उद्या तोच मुख्य धंदा होईल आणि पेट्रोल जोडधंदा.

समुद्र नाही म्हणून विदर्भाला हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी बीनाचे उदाहरण देतो. मध्य प्रदेशातली ही रिफायनरी 2011 मध्ये सुरू झाली. तिचे तेल गुजरातच्या किनाऱ्यावरून 900 किलोमीटरहून लांब नळाने येते. सप्टेंबर 2023 मध्ये तिथे वर्षाला 12 लाख टन इथिलीनच्या क्रॅकरची पायाभरणी झाली. खर्च सुमारे 49,000 कोटी. नागपूरहून बीना रेल्वेने सव्वापाचशे किलोमीटर. त्यांना जमते, तर आम्हाला का नाही?

चार वाटा, चार खर्च

पण मागणी करण्यापूर्वी बेरीज-वजाबाकी करावी, ही मास्तरकीची खोड.

पहिली वाट तेलाची. ती पाणी मागते, जमीन मागते. कोकणात वर्षाला 6 कोटी टनांच्या रिफायनरीचे काय झाले, ते आपण पाहिले. नाणारची अधिसूचना 2019 मध्ये रद्द झाली, 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणालाच गावे आडवी झाली. लोकांना न विचारता आखलेला नकाशा कागदावरच राहतो. पाण्याला मात्र आपल्याकडे एक वाट सापडली आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. नवा कारखाना पेंचच्या पिण्याच्या पाण्यावर नव्हे, तर अशा पाण्यावर चालावा, ही अट आजच घालता येईल.

दुसरी वाट कोळशाची. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात. उमरेड, वणी, चंद्रपूर सारी कोळशाची भूमी. कोळशाचा वायू, वायूचे मिथेनॉल, मिथेनॉलचे ओलेफिन, ही शिडी चीनने 2010 मध्ये बाओतौला वर्षाला 6 लाख टनांच्या प्रमाणावर चढून दाखवली. आपल्या सरकारनेही जानेवारी 2024 मध्ये कोळशाच्या वायूकरणासाठी 8,500 कोटींची योजना मंजूर केली. पण आपल्या कोळशात राख 35-40 टक्क्यांपर्यंत, आणि या वाटेने हवेत जाणारा कार्बन तेलाच्या वाटेपेक्षा कितीतरी जास्त. चंद्रपूरकरांच्या छातीत आधीच पुरेसा धूर आहे.

तिसरी वाट आमच्या परिचराची, अल्कोहोलची. 1 टन इथिलीनला निदान 1.65 टन अल्कोहोल लागते. आणि आज ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. 2025 मध्ये देशाने 20 टक्के मिश्रण गाठले. गाडीही तेच पिणार आणि कारखानाही. मका-तांदूळ त्यात घालायचा तर ताटाचा प्रश्न येतो. पण धानाचे तणस आणि कापसाच्या पऱ्हाट्या? पानिपतला 2022 पासून तणसापासून अल्कोहोल काढण्याचा कारखाना आहे. भंडारा-गोंदियाचे तणस आणि वर्धा-यवतमाळच्या पऱ्हाट्या आपण बांधावर जाळून टाकतो. या वाटेत पैशाचा काही भाग कास्तकाराच्या घरी जातो. म्हणून ती मला आवडते. महाग आहे, हेही कबूल करतो.

चौथी वाट कचऱ्याची. नागपुरातल्याच रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांनी या शतकाच्या सुरुवातीला टाकाऊ प्लास्टिक तापवून तेल काढण्याची प्रक्रिया मांडली होती. बुटीबोरीत तिचा कारखानाही निघाला. आज जगातल्या मोठ्या कंपन्या असेच तेल पुन्हा क्रॅकरमध्ये घालून पाहत आहेत. मात्र त्यासाठी कचरा घरातच वेगळा व्हायला हवा, आणि तिथे आपली गाडी अडते. भट्टी 850 अंशांची उभारता येते; ओला-सुका कचरा वेगळा करणे जास्त अवघड, असे दिसते!

हे सगळे मी नातीला कागदावर मांडून दाखवले. शेवटी माझे मत सांगितले. क्रॅकरमध्ये पैसा फार लागतो, माणसे कमी. बीनाचे दाणे आणून इथे ठिबकच्या नळ्या, धान्याची पोती, दवाखान्याचे साहित्य करणारे शंभर छोटे कारखाने निघाले तर हातांना काम जास्त. आधी ते मागावे.

तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आबा, हिशोब बरोबर आहे. पण किती दिवस आपण दुसऱ्याच्याच दाण्यांच्या नळ्या ओढायच्या? भट्टी चालवणं कोणी तरी शिकून यायला नको?"

मी निरुत्तर झालो. बाबांच्या वेळी मी बोललो आणि ते गप्प राहिले. या वेळी गप्प राहण्याची पाळी माझी होती, आणि ते बरेच झाले. तिचा प्रश्न आणि बाबांचा प्रश्न एकच आहे. फक्त ती त्याचे उत्तर शोधायला निघाली आहे.

जूनमध्ये ती गेली. स्टेशनवर तिच्या आईने पोळ्यांचा डबा दिला, मी संत्राबर्फीचे खोके दिले. पॉलिथिनमध्ये गुंडाळलेले. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, "आबा, पिशवी फेकणार नाही. पुढच्या वेळी हिरवी संत्री पिकवायला परत आणीन."

कपाटावरची जागा मी रिकामी ठेवली आहे.